दीड चांदणी

शुक्रवारी माझा फोन वाजला की तो मुगुटअण्णांचाच असणार, हे आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ झालंय. नमस्कार नाही, कसं काय नाही. थेट प्रश्न.

“पाव्हणं, किती चांदण्या?”

चांदण्या म्हणजे तारे. त्या आठवड्यात बारामतीच्या थेटरात लागलेल्या सिनेमाला समीक्षकांनी किती तारे दिले, हे त्यांना हवं असतं. मी “साडेतीन” म्हणालो तर पलीकडून सुस्कारा ऐकू येतो. “असू द्या. त्याचं बरं चाललंय.” आणि फोन बंद. पण “दीड” म्हणालो, की त्यांच्या आवाजात एकदम लग्नघर संचारतं.

“दीडच? मग निघालोच मी. जेवू नका, पिच्चर झाला की भिगवणला मासं खायला जाऊ.”

मुगुटराव माझे साडू. म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणसाला मित्र निवडता येतो, शत्रूही निवडता येतो. साडू मात्र लग्नातच पदरात पडतो आणि परत करायची सोय नसते. इंदापूर तालुक्यातल्या कळंबला त्यांचा मंडपाचा धंदा आहे. मंडप, खुर्च्या, भांडी, माइक, जनरेटर, सगळं एका ठिकाणी. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, खिशात भाजलेल्या शेंगा. जन्म जनरेटरशेजारी गेल्यामुळे साधं “पाणी द्या” म्हणाले तरी शेजारच्या घरातून तांब्या येतो.

मी बारामतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो आणि गावातल्या एका साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणं लिहितो. म्हणजे चांदण्या वाटणाऱ्यांपैकी एक मीही आहे, आणि मी हात राखूनच वाटतो. माझं दुर्दैव असं, की माझं सदर शब्द न् शब्द वाचणारा अख्ख्या पंचक्रोशीतला एकमेव माणूस म्हणजे मुगुटअण्णा, आणि ते त्याचा अर्थ उलटा लावतात. मी लिहावं, ‘कथेचा पत्ता नाही, अभिनयाच्या नावानं आनंद, प्रेक्षकांनी आपला वेळ वाचवावा.’ आणि यांनी शनिवारी सकाळी दारात गाडी उभी करून हॉर्न द्यावा.

“पाव्हणं, लय वंगाळ लिवलंय तुमी. चला, जाऊन यिऊ.”

मग मी एकदा सोसलेला सिनेमा त्यांच्याबरोबर दुसऱ्यांदा सोसायचा. नाही म्हणायची सोय नाही. “दाजी एवढे लांबून येतात,” बायको म्हणते, “तुमचं काय जातं हो दोन तास बसायला?” काय जातं ते तिला सांगून कळणार नाही. ती एकदाही आलेली नाही.

थेटरात आम्ही सोडून चार टाळकी. त्यातली दोन एसीसाठी आलेली आणि उरलेली दोन कोपऱ्यात, सिनेमाशी काही संबंध नसलेली. तिकिटावर कुठलाही नंबर असो, अण्णा बरोबर मधोमध जाऊन बसतात. “मधी बसलं की भरल्यागत वाटतं,” हे त्यांचं शास्त्र. बसण्याआधी ते उभ्या उभ्या सगळ्या हॉलवर एक नजर फिरवतात आणि चुकचुकतात. खालची खुर्ची हलवून बघतात. ती जमिनीला पक्की ठोकलेली असते. “हितं हीच अडचण हाय,” असं दर वेळी पुटपुटतात. मला वाटायचं, धंद्यातला माणूस आहे, खुर्ची दिसली की हात जातो.

आणि सिनेमा सुरू झाला की अण्णाही सुरू. हिरो आला, टाळ्या. हिरॉइन आली, टाळ्या. हिरोचा काका आला तरी टाळ्या. विनोद झाला की मांडीवर थाप मारून हसायचं, मग तो विनोद होता हे दिग्दर्शकालाही ठाऊक नसेना का. एकदा भुताच्या सिनेमात ते न राहवून ओरडले, “अगं बाई, मागं बघ, त्यो आलाय!” तर कोपऱ्यातली ती दोघं ताडकन उठून वेगवेगळ्या दारांनी बाहेर पळाली. मुलीचा बाप आला असंच त्यांना वाटलं असणार. त्या दिवशी उरलेला सिनेमा आम्ही चौघांनी बघितला.

मध्येच उठून जाणं त्यांना मंजूर नाही. शेवटची पाटी सरकून दिवे लागेपर्यंत बसायचं. आणि बाहेर आल्यावर एक तरी चांगली गोष्ट सांगायची, हा त्यांचा नेम. मी तोंड उघडलं की ते हात वर करतात.

“पाव्हणं, जेवून उठल्यावं पंगतीला नावं ठिवू नयेत. काय आवडलं ती बोला.”

“काहीही नाही!”

“कसं न्हाय? घोडं बघितलं न्हाय का? काय चमक हुती घोड्याच्या अंगावं!”

कधी घोडं, कधी बंगल्याचे पडदे, कधी हिरोच्या आईच्या हातातली परात. एका सिनेमात तर काहीच सापडेना तेव्हा ते भिगवणपर्यंत गप्प होते. धाब्यावर तळलेला चिलापी मासा पुढ्यात आला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. “नावं लय झकास अक्षरात लिवली हुती. लांबनं वाचता येत हुती.” आणि मग सुखाने काटे काढायला लागले.

यांची अभिरुची सुधारावी म्हणून मी एकदा त्यांना चार ताऱ्यांच्या, बक्षीस मिळवलेल्या सिनेमाला नेलं होतं. हॉल भरलेला. पडद्यावर एक म्हातारा विहिरीच्या काठावर बसून पाण्याकडे बघतोय. बघतोय. बराच वेळ बघतोय. प्रेक्षक श्वास रोखून बसलेले. आणि अण्णांचा तो जनरेटरवरचा आवाज: “मोटार जळली आसंल. वायरमनला फोन लावा की.” पुढच्या रांगेत बसलेल्या आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी मागे वळून बघितलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. ती मान मी अजून विसरलेलो नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “आता सांगा, काय आवडलं?”

“चांगला हाय की,” ते म्हणाले. “पर त्याला आपली काय गरज? माणसं रग्गड आली हुती.”

पुढे कधी चार ताऱ्यांच्या वाटेला गेले नाहीत. त्यांना पडलेलाच लागतो. ‘पडला’ हा त्यांचा लाडका शब्द. आमच्याकडे सिनेमा पडतो आणि निवडणुकीत माणूसही पडतो. ग्रामपंचायतीचा निकाल लागला, गुलाल उधळला, सगळं गाव निवडून आलेल्याच्या दारात, की हे गृहस्थ पडलेल्याच्या ओसरीवर जाऊन बसलेले. शालनताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मेहुणी, दर निवडणुकीला कपाळावर हात मारून घेते. “अवो, निवडून आलेला उद्या कामाला यील का पडलेला?” त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: “निवडून आलेल्याकडं गर्दीत च्या मिळत न्हाय. हितं निवांत मिळतो.” मला हे चहासाठीच वाटायचं. त्यांना चहाची ओढही तशी फार.

असो. यातलं सगळं मी सोसलं असतं. पण माझ्या पुस्तकाच्या प्रकाशनात त्यांनी जे केलं, त्यासाठी मला हे सगळं लिहावं लागतंय.

माझ्या परीक्षणांचं पुस्तक निघालं. नाव, ‘अंधारातील आकलन’. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “अंधारात कसलं आकलन? दिवा लावा की आधी.” मी दुर्लक्ष केलं. प्रकाशनाला पुण्याहून एक नामवंत ज्येष्ठ समीक्षक येणार होते. आयुष्यभर ज्यांचं लिहिणं वाचून मी लिहायला शिकलो, ते माझ्या गावात, माझ्या पुस्तकासाठी. माझी एकच इच्छा होती. त्यांनी व्यासपीठावरून समोर बघावं आणि त्यांना भरलेलं सभागृह दिसावं. या माणसाच्या शब्दाला आपल्या गावात किंमत आहे, एवढं त्यांना कळावं. रात्र रात्र मला झोप नव्हती ती एवढ्याचसाठी.

सभागृहाला खुर्च्या नव्हत्या. त्या अण्णांच्याच येणार हे उघड होतं. तारीख ऐकून मात्र ते थबकले.

“पाव्हणं, पंचांग बघितलं का? त्या दिवशी लग्नाची दाट तीथ हाय. माझं सगळं मंडप बाहीर हायत. माणूस घावायचं न्हाय तुमाला.”

“अण्णा,” मी म्हणालो, “लग्नाला जाणारा वर्ग वेगळा आणि आमच्या कार्यक्रमाला येणारा वर्ग वेगळा.”

“व्हय का?” ते म्हणाले. खुर्च्या किती, एवढंच विचारलं. मी दीडशे म्हणालो.

कार्यक्रमाच्या दिवशी कळलं की वर्ग एकच आहे आणि तो जेवायला गेलाय. प्राचार्य भाचीच्या लग्नाला. साप्ताहिकाचे संपादक मेव्हण्याच्या. विद्यार्थी जिथे जेवण होतं तिथे. वेळ झाली तेव्हा दीडशे खुर्च्यांसमोर आम्ही पुढीलप्रमाणे होतो: माझी बायको, शालनताई, कॉलेजातले दोन सहकारी आणि सभागृहाचा वॉचमन. पाहुण्यांची गाडी मोरगाव सोडून पुढे आल्याचा फोन येऊन गेला होता. दारात उभं राहून मी रस्त्याकडे बघत होतो. मागच्या मैदानावरच्या मंडपातून बॅन्डचा आवाज येत होता. तो मंडपही अण्णांचाच.

तेवढ्यात ते आले. दारात उभे राहिले आणि थेटरात फिरवतात तशी एक नजर त्यांनी सभागृहावर फिरवली. चुकचुकले. मग आपल्या माणसांना नुसती दोन बोटं दाखवली. बघता बघता मागच्या खुर्च्या उचलल्या गेल्या, एकात एक घालून पडद्याआड गेल्या आणि उरलेल्या ऐसपैस पसरल्या गेल्या. शेवटी चाळीसेक खुर्च्या राहिल्या. सभागृह लहान आणि खानदानी दिसायला लागलं. हे त्यांच्या धंद्यातलं जुनं कसब. सभा कुणाचीही असो, माणसं कमी आली की मागून खुर्च्या काढायच्या आणि पुढच्यांत अंतर वाढवायचं.

“पण अण्णा, चाळीस तरी कुठून आणायची?”

“तुमी पाव्हण्यास्नी च्या पाजा,” ते म्हणाले आणि मागच्या दाराने गेले.

पाहुणे आले. मी त्यांना चहा पाजला, दुसरा पाजला, तिसऱ्याला ते नको म्हणाले. नाइलाजाने मी त्यांना व्यासपीठाकडे घेऊन निघालो. पडदा बाजूला केला आणि जागच्या जागी थिजलो.

सभागृह भरलं होतं. फेटे बांधलेले पुरुष, जरीच्या लुगड्यांतल्या बायका, कडेवर पेंगणारी पोरं. सनईवाला सनई मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत. करवल्या हातातल्या पत्रिकांनी वारा घेत होत्या. अण्णांनी मागच्या मंडपातलं जेवून उठलेलं अख्खं वऱ्हाड आणून बसवलं होतं. काय सांगून आणलं ते मला नंतर कळलं: “हिकडं पंखं हायत, गार पाणी हाय, तासभर टेका. फकस्त झोपायचं ती बसून झोपा.” मंडपवाल्याचा शब्द वऱ्हाड कधी मोडत नाही.

पाहुणे भारावून गेले. “ग्रामीण भागात समीक्षेला हा प्रतिसाद!” ते माइकवर म्हणाले. अण्णांनी मधोमध बसून टाळी वाजवली. त्यांच्या मागोमाग सगळ्या वऱ्हाडाने. वऱ्हाडाच्या पोटात बुंदी होती आणि डोक्यावर पंखा, त्यामुळे माना आपोआप डुलत होत्या. पाहुण्यांना वाटलं, मुद्दे पटताहेत. ते रंगात आले. तासाचं भाषण दीड तास झालं.

मग प्रकाशन. पाहुण्यांनी पुस्तकावरचा कागद सोडवून ते उंच धरलं, आणि दुसऱ्या रांगेतल्या एका आजीबाईंना जाग आली. व्यासपीठ, फोटो, हार. त्यांना जे वाटायचं ते वाटलं. त्यांनी मुठीतल्या उरलेल्या अक्षता काढल्या आणि टाकल्या. मग सगळ्यांनीच टाकल्या. माझ्यावर, पाहुण्यांवर, ‘अंधारातील आकलन’वर तांदूळ पडत होते. सवयीने सनईवाल्याने सनई तोंडाला लावली. एक फेटेवाले मामा शिस्तीत पुढे आले आणि त्यांनी पुण्याच्या ज्येष्ठ समीक्षकांना टॉवेल-टोपीचा आहेर केला. टोपी घालूनच दिली.

पाहुण्यांना टोपीसकट गाडीत बसवून दिलं आणि मी अण्णांना शोधत मागे गेलो. ते टेम्पोत खुर्च्या भरत होते. मी कुणाचीही भीड ठेवली नाही.

“काय पोरखेळ मांडला अण्णा? कुणी सांगितलं होतं हे? लोक हसतील मला! नसती आली माणसं तर नसती आली. पाचजणांसमोर झाला असता कार्यक्रम!”

अण्णा खुर्च्या एकात एक घालत राहिले. मग त्यांचा आवाज आला, आणि तो इतका हळू होता की आधी मला तो त्यांचा वाटेना.

“आसं नगा म्हनू. म्या बघितलाय त्यो.”

मग त्यांनी सांगितलं. धंद्यात नवीन होते तेव्हाची गोष्ट. लोणी भापकरच्या पलीकडे एका वस्तीवर ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. खुर्च्या त्यांच्या. आणि नेमक्या त्याच संध्याकाळी शेजारच्या गावात कुस्त्या ठरल्या. झाडून सगळी माणसं तिकडे. गाणारी बाई स्टेजवर आली आणि समोर नुसत्या खुर्च्या. तरी ती गायली.

“एका गाण्यानंतर ती म्हनली, ‘दादा, तुमी तरी बसा.’ मला म्हनली. दुसरं कोन न्हवतंच. मी लाजलो, पाव्हणं. जनरेटरमागं जाऊन हुबा ऱ्हायलो. खुर्च्या काढायच्या असत्यात ही बी तवा कळत न्हवतं. ती समदी गानी म्हनली. खुर्च्यांफुडं वाकून नमस्कार केला आन् गेली.” त्यांनी हातातली खुर्ची शर्टाच्या टोकाने पुसली. “खुर्च्या माझ्या हुत्या. मी सवता त्यात बसाय काय जात हुतं?”

मी शेजारची खुर्ची उचलून त्यांच्याकडे दिली.

“थेटरातल्या उचलता येत न्हाईत,” ते म्हणाले. “ठोकल्याल्या असत्यात. मंग आपुनच जाऊन बसायचं.”

माझा राग त्याने गेला म्हणाल, तर नाही. तांदूळ मला पुढे दोन दिवस कॉलरमध्ये सापडत होते. कॉलेजात मला अजून ‘नवरदेव’ म्हणतात.

आणि मग पुण्याच्या वर्तमानपत्रात पुस्तकाचं परीक्षण आलं. लिहिणारे तेच आमचे प्रमुख पाहुणे. ‘समारंभ भव्य होता. पुस्तकाबद्दल तसे म्हणता येत नाही. वाचकांनी आपला वेळ वाचवावा. लेखकाच्याच मापाने मोजायचे, तर दीड तारा.’ मी दिवसभर खोलीचं दार लावून बसलो. बायकोने दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा गार झालेला परत नेला. कुणाचाही फोन आला नाही. सहकाऱ्यांनी वाचलं होतं, आणि त्यांनी वाचलंय हे मला कळू नये म्हणून ते जपत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हॉर्न वाजला. ना शुक्रवार होता, ना शनिवार.

“पाव्हणं!” जनरेटरवरचा आवाज सगळ्या आळीने ऐकला. “दीड चांदणी? खरं का?”

मी मान हलवली.

“मंग आनलंय की म्या. आजच वाचाय घेतो.”

प्रकाशनाच्या दिवशी दिलेली प्रत त्यांनी पिशवीतून काढली. कागदाच्या वेष्टनातच होती, उघडलेली नव्हती. तोवर तिला चांदणी मिळालेली नव्हती ना. ते माझ्या बैठकीत बरोबर मधोमध खुर्ची ओढून बसले, खिशातल्या शेंगा काढून शेजारी ठेवल्या, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागले. अक्षर अक्षर जुळवून, ‘सौंदर्यशास्त्रीय’ला तीनदा ठेच खाऊन. पहिलं प्रकरण संपलं. त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि टाळी वाजवली.

“अण्णा, पुरे आता,” मी म्हणालो. “काही समजलं का तरी?”

“न्हाय,” ते म्हणाले. त्यांनी पानावरून हात फिरवला, पान उलटं करून बघितलं, उजेडात धरलं. “कागद लय झकास हाय, पाव्हणं.”

माझा संताप झाला. डोळ्यांत पाणीही आलं, ते त्यांना दिसू नये म्हणून मी खिडकीकडे वळलो. मागे त्यांनी दुसरं प्रकरण सुरू केलं होतं. शेवटचं पान येईपर्यंत हा माणूस उठणार नाही हे मला माहीत होतं. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी जाऊन तिच्यात बसलो.